पुलावरच्या तीन उड्या

६ एप्रिल

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आत्याकडे तुमचं बरं चाललं असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. काम ठीक आहे. या आठवड्यात प्रयोगशाळेत एका दवाखान्याचे सगळे वजनकाटे तपासायला आले होते. एकही खरं बोलत नव्हता.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते: मंडळाचं मुलांचं उन्हाळी शिबिर यंदा मी घेते आहे.

परवाच्या बैठकीत ते बंद करायचं घाटत होतं. तुम्ही सोडल्यावर कोणी पुढे येईना. मी हात वर केला. औषधवाले सचिव चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरं सांभाळलीस का गं कधी?"

"यंत्रं सांभाळते."

"यंत्रं भूक लागली म्हणून भोकाड पसरत नाहीत."

"पसरतात. आम्ही त्याला बिघाड म्हणतो."

ते हसले आणि शिबिर माझ्या गळ्यात पडलं. मान मीच पुढे केली होती, त्यामुळे तक्रार नाही. त्यांची एकच अट आहे. ओढ्यावरचा दोरांचा पूल, गेल्या वर्षी तुटला तो, कायमचा उतरवायचा. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आता कामाचं. विहिरीवरचा पंप नुसता गुरगुरतो, पाणी चढवत नाही. मोठ्या तंबूचा मधला खांब कुठे आहे? पातेली मिळाली, झाकणं मिळत नाहीत. पण ते तुम्हालाही माहीत नसेल. ते खातं तुमचं नव्हतं.

तुम्ही येणार का, हे मी विचारत नाही. पंपाचं तेवढं कळवा.

— मुलगी


२१ एप्रिल

ती. बाबा,

सा. न. तुमचं कार्ड पोचलं. "पंपाला आधी पाणी पाज. खांब गोदामाच्या छताला आडवा बांधलाय. पूल काढून टाक." तीन वाक्यं, त्यातली दोन उपयोगी. पंप चालला, खांब सापडला.

पूल मी काढणार नाही. का ते सांगते.

काल भिंगरी आली होती. तीच, पुलावरून पडून जिचं मनगट मोडलं ती. हात आता उत्तम आहे. त्याच हाताने तिने माझ्या पिशवीतली बिस्किटं काढली. आईला न सांगता नाव नोंदवायला आली होती. मी परत पाठवलं, तर तासाभरात आईलाच ओढत घेऊन आली.

"हत्तीकाका नाहीत, मग पुलावर उड्या कोण मारणार?" तिने विचारलं.

"मी."

तिने मला खालून वर पाहिलं. "ताई, तुझ्याने पूल हलायचासुद्धा नाही. त्याला वाटेल चिमणी बसली."

तिची आई तिला दटावत होती, पण मी त्या वाक्यापाशी अडकले. तुमची पद्धत सगळ्यांना पाठ आहे. शिबिराच्या पहिल्या सकाळी हत्तीकाका एकटे पुलावर जाणार, मधोमध तीन उड्या मारणार, पोरं काठावरून ओरडून मोजणार. ज्याने हत्ती पेलला तो पोरांना पेलणारच. मग पोरं दोघं-दोघं सोडायची.

मी विचारलं, "गेल्या वर्षी काकांनी उड्या मारल्या तेव्हा हलला होता?"

ती विचारात पडली. "दर वर्षी पूल पार पाण्यापर्यंत खाली यायचा. गेल्या वर्षी नाही आला. आम्हाला वाटलं, काका दमले."

बाबा, तुम्ही वर्षभर एकच म्हणता आहात, की तुम्ही हलगर्जीपणा केला, उड्या मन लावून मारल्या नाहीत. मी तुटलेला दोर तपासला. झाडाला टेकलेल्या बाजूने तो घासून विरला होता आणि समोरचा पीळ शाबूत होता. डोळ्यांना ते दिसलं नसतं. तुमच्या वजनाला दिसलं असतं. आधीच्या वजनाला. तुम्ही पूर्वीसारखे असतात तर दोर तुमच्याच खाली तुटला असता, तुम्ही गुडघाभर पाण्यात बसला असतात आणि पोरं वर्षभर हसली असती.

घरी आल्यावर दारामागे टांगलेला तुमचा पट्टा काढून पाहिला. मूळची भोकं गोल आहेत. त्यांच्यापुढची वाकडीतिकडी, तुम्ही खिळ्याने पाडलेली. ती सगळी आई गेल्यानंतरची आहेत.

आमच्याकडे प्रमाण वजनं असतात. बाकीचे काटे त्यांच्यावरून तपासायचे. ती मखमली पेटीत ठेवतो, बोट लावत नाही, आणि ठरलेल्या मुदतीने त्यांचीही तपासणी करून घेतो. कारण प्रमाण वजनच झिजलं तर खोटा काटाही बरोबर वाटू लागतो. या पुलाचं प्रमाण वजन तुम्ही होतात. तुम्हाला तपासून पाहावं असं कोणाच्या मनात आलं नाही. माझा तर हा धंदा आहे, आणि लहानपणापासून तुम्ही मला हाकच 'काटेकोर' अशी मारत आलात.

चूक झालीच नाही असं मी म्हणणार नाही. झाली, आणि एका मुलीचं हाड मोडलं. पण ती हलगर्जीपणाची नव्हती. हलगर्जी माणसाने घरात तोंड लपवून बसावं. ही चूक दुरुस्त करण्यासारखी आहे, म्हणून मी ती दुरुस्त करते आहे.

— तुमची मुलगी


३ मे

प्रिय बाबा,

शिबिर दहा तारखेला सकाळी सुरू होतं आहे.

पुलाचे सगळे दोर नवे घातले. झाडाला जिथे घासतात तिथे रबरी नळी चढवली. पोरं आता एकेक करूनच जातील. काल सचिवांसमोर वाळूची पोती टांगून पूल दिवसभर ताणात ठेवला. पोती त्यांनी स्वतः वजन करून घेतली, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. संध्याकाळी गाठी हाताने चाचपून म्हणाले, "हत्तीचं काम पोत्यांनी केलं म्हणायचं!" अट त्यांनी मागे घेतली.

म्हणजे तुम्ही उड्या मारल्या काय आणि न मारल्या काय, पुलाच्या मजबुतीत काही फरक पडत नाही. तपासणीसाठी मी तुम्हाला बोलावत नाही, हे स्पष्ट असावं.

भिंगरीला हे सगळं नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोती मोजण्यात काय मजा?"

आत्याला फोन केला होता. बाबा जेवतात का, विचारलं. ती म्हणाली, "ताटावर बसतो." जेवतो असं म्हणाली नाही.

झाकणं सापडली. तंबूच्या घडीत होती, एकात एक, आणि मधे मधे आईच्या निळ्या गाऊनचे तुकडे, वाटेत खडखडू नयेत म्हणून. मी गोदामातच बसून राहिले. बाबा, ती गेल्यावर आपण दोघं रोज एका टेबलाशी बसत होतो आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो. मला वाटायचं, आपण चांगलं निभावतो आहोत. तुमचं ताट मीच उचलायचे. ते भरलेलं असायचं.

आता मला बोलायचं आहे. इथे, शिबिरात, कामं चालू असताना. समोरासमोर बसून मला ते जमणार नाही, तुम्हालाही नाही.

स्वयंपाकाला सचिवांच्या पत्नी आहेत. मीठ कमी घालतात. आई सांगायची तसं त्यांना तोंडावर सांगण्याची माझी छाती नाही, तुमची आहे.

पहिल्या सकाळी पोरं ओढ्याच्या काठावर उभी राहतील. मी त्यांना थोपवून धरीन. पूल पाण्यापर्यंत आला नाही तरी ती मोजतील, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. जेवून निघा. नाही जेवलात तरी निघा.

तुमच्या वाटणीचं झाकून ठेवते.

तुमची,
काटेकोर