धुतलेलं तूप

नाना, तुमच्या हातांविषयी लिहायचं आहे. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण ते हात अजून डोळ्यांसमोर येतात: कोपरापर्यंत लालभडक, बोटांच्या सांध्यांत चिरलेले. मिलच्या रंगखात्यात दिवसभर काम करायचं आणि घरी येऊन दाराच्या चौकटीवर हात घासत उभं राहायचं. आपलं राज्य तेव्हा मध्यभारत होतं, आई नुकतीच गेली होती, आणि मी तेरा वर्षांची, घरातली एकटी बाईमाणूस.

तुमची खाज हे मी माझं काम मानलं. कडुलिंबाचा पाला उकळायचा, सोसेल तेवढ्या कढत पाण्यात तुमचे हात बुडवायचे, फडक्यानं खसखसून पुसायचे. मग राजवाड्यापुढच्या बाजारातून आणलेला कापूर खोबरेल तेलात विरघळवून चोळायचा. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. विचारलं की म्हणायचात, बरं वाटतंय हो. त्या वेळी मला वाटायचं, आईची जागा आता माझी आहे.

वर्षभरानं तुम्ही मानपूरहून नवी आई आणलीत. मी तिला मावशी म्हणायचे. तिनं पहिल्याच आठवड्यात माझं कढत पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवलं. "गरम पाण्यानं खुजली अजून भडकते, बेटा," एवढंच म्हणाली. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी गार पाण्यात भिजवून ती तुमच्या हातांवर ठेवायची आणि तांब्याच्या ताटात तूप घेऊन बसायची. तुपात पाणी घालायचं, तळव्यानं फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं घालायचं. दुपारभर तेच. शेवटी तूप लोण्यासारखं पांढरं व्हायचं, वासही जायचा. ते ती न चोळता नुसतं टेकवायची. तुमच्या चिरा भरत चालल्या, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

एका संध्याकाळी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "पोरगी कापूर लावायची ना, तेव्हा जीव जायचा माझा. डोळ्यांत पाणी यायचं."

मावशीनं विचारलं, मग तिला सांगितलं का नाहीत?

"तिला कसं सांगू? तुला सांगता येतं."

तांदूळ तसेच ठेवून मी उठले. दुसऱ्या दिवशी, काय वाटलं कोण जाणे, तुम्ही माझ्यापुढे हात धरलेत आणि म्हणालात, आज तू लाव. मी अभ्यास आहे म्हणाले. परत तुम्ही कधी विचारलं नाहीत. लोक समजत, सावत्र आईला घर मिळालं म्हणून ही जळते. घराचं मला काही नव्हतं. तुम्ही माझ्यापुढे सोसत राहिलात आणि तिच्यापुढे दुखतं म्हणालात. ते दुखतं म्हणणं मला हवं होतं.

मावशी आता माझ्याकडेच असते. थंडीत तिच्या पायांची कातडी कोरडी पडते, ती रात्रंदिवस खाजवत राहते. परवा मी तूप धुवायला बसले, तर ताटावर वाकून म्हणाली, अजून पाणी बदल, घाई करू नको. पायाला लावताना माझा हात जरा जोरात पडला असावा. तिनं लगेच पाय मागे घेतला.

"हळू गं. झोंबतंय."

तुमच्या तोंडून जे ऐकायला मी उभा जन्म थांबले, ते तिनं मला सहज, ताटावर माशी बसली आहे म्हणावं तसं सांगून टाकलं. मी हात हलका केला. तिला डोळा लागल्यावर हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. तिला वाचून दाखवता येईल, पण नाही दाखवणार. तिच्यावर माझा जीव आहे, नाना, आणि तिचा हेवा अजून गेलेला नाही.