जर्दाळूचा पेंढा कोणी सोडला

मी, लेओकाडिया साविट्स्का, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार सुवाल्कीजवळच्या आमच्या खेड्यात तळ्याकडचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. कालच डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले, आणि वर त्यांनाच त्यांच्या बाहीची उसवलेली शिवण दाखवली. त्यांचा दाखला सोबत टाचला आहे. तो का लागेल, ते चौथ्या कलमात कळेल.

येत्या बुधवारी बियाविस्तोकच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. वर्षाचे बारा महिने सोडून यांना नेमका एप्रिल सापडला! बाहेर तेरा तारखेलाही वाफ्यांवर बर्फाचे पट्टे आहेत. चुलीतली राख टाकून टाकून मी अर्धी बाग मोकळी केली होती, तर परवा पुन्हा पडला. वीतभर खाली जमीन अजून दगड आहे. वाटाणा पेरायचा राहिला, सफरचंदाच्या बुंध्यांना चुना राहिला, आणि खिडकीतली टोमॅटोची रोपं दह्याच्या डब्यांत नुसती लांबुडकी होत चालली आहेत. मला जिना चढताना तीनदा थांबावं लागतं. वैताग आला आहे, तो आधीच नोंदवून ठेवते.

कलम पहिले. घर आणि घरातलं सामान माझा एकुलता एक मुलगा वाल्देमार याला. छप्पर मागच्या बाजूला गळतं, हे तो दर भेटीत मला सांगतो. यापुढे त्याने ते स्वतःला सांगावं.

कलम दुसरे. शिवणयंत्र शाळेला द्यावं. मोठी कात्री देऊ नये, तिथे मुलं तिच्याने पुठ्ठे कापतील. ती माझी नणंद स्टेफानिया हिला द्यावी. कुंपणापलीकडे राहून चाळीस वर्षं तिचा त्या कात्रीवर डोळा आहे.

कलम तिसरे. माझे यजमान विंसेंती यांची फावडी, छाटणीची कैची आणि कलमाचा चाकू जिला बाग मिळेल तिला. दाताळं स्टेफानियाकडून परत आणावं. नऊ वर्षं ते "उद्या देते" यावर अडलं आहे.

कलम चौथे. बाग वाल्देमारला देत नाही. "आई, सगळीकडे हिरवळ लावू. कापायचं मशीन आपोआप फिरतं, तू फक्त बघत बस," असं तो म्हणतो. आयुष्यभर मी बघत बसले नाही, आता काय बसणार! घरामागची सगळी बाग, विहिरीसकट, माझी सून आनेता हिच्या एकटीच्या नावे करते.

हे वाचून सगळे म्हणतील, म्हातारी भ्रमली. जिने जर्दाळू मारला, तिलाच बाग?

म्हणून लिहिणं भाग आहे. आमच्या या थंडीत जर्दाळू जगत नाही, असं सगळं गाव म्हणत होतं, तेव्हा विंसेंतींनी दक्षिणेकडच्या भिंतीला धरून तो जगवला. दर हिवाळ्यात त्याला पेंढा आणि गोणपाट गुंडाळायचं, आणि संत वोयचेखच्या दिवसाआधी, म्हणजे तेवीस एप्रिलच्या आत, गाठ सोडायची नाही. मार्चातल्या चार दिवसांच्या उन्हाला झाड फसतं. जागं होतं, आणि मागून येणारी थंडी त्याला मारते. विंसेंती गेल्यावर नऊ वर्षं मी हा नियम पाळला.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर असंच ऊन पडलं. आनेता ईस्टरच्या आधी खिडक्या पुसायला आली होती. पुढच्या आठवड्यात उणे बारा झालं आणि बुंध्याची साल उभी फाटली. स्टेफानियाने कुंपणावरून विचारलं, "अगं वहिनी, पेंढा कोणी सोडला?" मी म्हटलं, "सूनबाईला विचार."

आनेता तिथेच उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हो, मीच सोडला. ऊन बघून वाटलं, झालं आता."

पेंढा मी सोडला होता. मला त्या हिवाळ्याचा वीट आला होता. पाच महिने घरात कोंडून राहिले होते. काहीतरी उघडावं असं वाटलं आणि गाठ कापली. त्याच सुमारास वाल्देमार म्हणत होता, "आई विसरायला लागली आहे, तिला वृद्धाश्रमात ठेवू." गाठ मी कापली हे त्याला कळलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी माझी बॅग भरली असती. आनेताला हे माहीत होतं. तिने आळ स्वतःवर घेतला, आणि मी तो तिच्यावरच राहू दिला. स्टेफानियाने ही गोष्ट चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितली. त्यानंतर आनेता दर वसंतात विचारते, "आई, बागेत काही करू?" आणि मी म्हणते, "तू आत भांडी घास." तिच्यासमोर मातीत हात घालायची मला लाज वाटते, हे खरं कारण.

हे कलम माझ्या दफनानंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत, पण गावभर ज्या बाईने सांगितलं तिचीच सही असावी, म्हणून स्टेफानियाला बोलावलं. तिने चौथं कलम दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"का गं?"

"मेल्यावर माफी मागतेस होय वहिनी? तेव्हा कोणी उलटून बोलणार नाही ना तुला! आधी फोन लाव तिला."

"बुधवारी माझं ऑपरेशन आहे, स्टेफा."

"म्हणूनच म्हणते. माझ्यासमोर लाव. मलाही तिला काही सांगायचंय."

लावला. मी सगळं सांगितलं. आनेता म्हणाली, "आई, हे तुम्ही यांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आता सांगा. मी नाही सांगणार." तिने फोन वाल्देमारच्या हातात दिला.

त्यालाही सांगितलं. वृद्धाश्रमाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "अगं आई, दोन वर्षं मी तिला काय काय बोललोय, तुला कल्पना आहे?" नव्हती. आता आहे, आणि ते मला झडपेपेक्षा जड जातंय.

म्हणून चौथ्या कलमात दुरुस्ती करते. बाग मृत्यूनंतर द्यायची नाही. आनेता शनिवारी येणार आहे. नोटरीबाईंकडे जाऊन शनिवारीच तिच्या नावे करते, आणि वाटाणा कुठे पेरायचा ते तीच ठरवेल. "बागेत काही करू?" असं मी विचारलं तर मला आत भांडी घासायला पाठवायचा हक्क तिला राहील.

ठिकाण: स्वतःच्या स्वयंपाकघरात
दिनांक: १३ एप्रिल २०२३
लेओकाडिया साविट्स्का

साक्षीदार पहिला: झेनोन बुराक, पोस्टमन. पाकीट द्यायला आलो होतो. न वाचता सही केली.

साक्षीदार दुसरी: स्टेफानिया हरासिम. सगळं वाचलं. फोन माझ्यासमोर झाला. वहिनीनंतर मीही आनेताशी बोलले. रविवारी चर्चच्या दारात उभी राहून, जे चुकीचं सांगितलं होतं ते तितक्याच मोठ्याने बरोबर सांगेन.