दुसरी फळी

दादा,

फोनवर मी तुला खोटं सांगितलं. आबा झोपेत गेले नाहीत.

तू भांडून गेलास तो दिवस आठवतो ना? "समुद्र मागे हटवून हे शेत माणसांसाठी केलंय, तुझ्या पाहुण्या पाखरांसाठी नाही," असं आबा ओरडले होते. पण तू गेल्यापासून दर कापणीनंतर तेच चराच्या तोंडाशी दोन फळ्या बसवून पाणी अडवायचे, अगदी तू पाखरांसाठी अडवायचास तसंच. हिवाळाभर शेतात घोटाभर पाणी आणि पाखरंच पाखरं. मी चिडले की म्हणायचे, "फळ्या फुगल्यात गं, निघत नाहीत." धडधडीत थाप!

यंदा मला लवकर पेरायचं होतं. त्यांना न विचारता मी फळ्या उपसल्या. चुटकीसरशी निघाल्या. मग एका सकाळी पाखरं आली, कोरड्या शेतावर दोन घिरट्या घालून समुद्राकडे वळली. आबा खिडकीतून बघत होते. त्यांनी गमबूट चढवले. जेवायला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर ते चरात पडलेले. एक फळी बसवून झाली होती, दुसरी कवेत होती.

"त्रास नाही झाला, बरं झालं," असं तू म्हणालास आणि खरं सांगायला माझी जीभच रेटेना. हे पत्र पेटीत टाकणंही माझ्याच्याने व्हायचं नाही.

दुसरी फळी मी बसवली. पाणी चढलं, पाखरं उतरली. काल त्यांचा कलकलाट ऐकवेना, म्हणून रागाने मी ती फळी उपसायला गेले. दोन्ही हातांनी ओढली.

दादा, ती खरंच फुगलीय. निघत नाही.

तुझी,
धाकटी