दंडाचा पेला

१२ जानेवारी १९९७, रविवार

आज सकाळी धक्क्यावर उतरलो, तांब्या बुडवला, नाकाशी आणला आणि पाण्यातच पालथा केला. पुन्हा भरला, पुन्हा पालथा केला. मग श्वास कोंडून भरला आणि मागे न बघता महादेवाकडे निघालो. पिंडीवर धार धरली तर धार हिरवी. वर दुधावर यावी तशी साय. शी.

धरणात गाव गेलं तेव्हा वडिलांनी ही पिंड बैलगाडीत घालून माळावर आणली. रान बुडालं, मेंढरं विकली, त्या पैशात नाव घेतली. आता ती नाव मी चालवतो, इंदापूरच्या काठावरून पलीकडे करमाळ्याच्या काठाला. रोज भीमेचं पाणी पिंडीवर घालायचा नेम वडिलांनी मरेपर्यंत मोडला नाही. जाताना मला म्हणाले, सोनबा, जमीन पाण्याखाली गेली, पण पाणी तरी आपलं हाय. तेवढं सोडू नगं.

मी सोडलेलं नाही.

बनाबाई म्हणाली, हापशाचं घाला की, द्येवालाबी नाक असतंय. बायकोला नेम म्हणजे काय ते कळत नाही.

निश्चय: महाशिवरात्रीच्या आत भीमेचं पाणी स्वच्छ करून घ्यायचं. शिवरात्र सात मार्चला आहे. पुष्कळ वेळ आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

धक्क्यावर नाववाल्यांची मीटिंग घेतली. चेअरमन मी. कोणी निवडलेलं नाही, पण सगळ्यात जुनी नाव माझी.

विषय एकच, पाणी. सुरुवात चांगली झाली. प्रवाशांच्या अंगाला खाज सुटते, मासे मरतात, जलपर्णी नावेच्या पंख्यात अडकते, असं एकेकाने सांगितलं. मग कुंडलिक म्हणाला, ही समदी घाण कपबशीवाल्यांनी सोडलीय. दादासो उठलाच. म्हणाला, आन् तुमची छत्री पाच वर्सं काय करत हुती, उन्हात वाळत हुती का? झालं. झेडपीचं इलेक्शन तोंडावर आहे. उभे आहेत साखर कारखानावाले मोहनराव, त्यांची निशाणी कपबशी, समोरच्याची छत्री. दादासो कपबशीचा, कुंडलिक छत्रीचा. दोघांनी एकमेकांच्या आया-बहिणी काढल्या, आणि दम खायला थांबले की दोघंही तंबाखूची पिचकारी पाण्यात मारत होते. पाण्याच्या घाणीवर भांडता भांडता पाण्यातच.

किळस आली. पाण्याची जास्त की माणसांची ते ठरवता आलं नाही.

मी स्वतः कोणत्याच पार्टीचा नाही. घरात कपबशीचं कॅलेंडर आहे, पण ते तिथी ठळक छापल्यात म्हणून.

१६ जानेवारी

उपाय सापडला. मीटिंगमध्ये राजकारण बंद. जो राजकारणाचा शब्द काढील त्याने सगळ्यांसमोर धरणाच्या पाण्याचा एक पेला प्यायचा. पैशाचा दंड लोक बुडवतात, हा बुडवता येत नाही. नावेनावेवर जाऊन सांगितलं, सगळ्यांना पटलं. दादासो म्हणाला, तात्या, तुमी कलेक्टर व्हायचं, हितं नाव कशाला हाकताय? मलाही कधी कधी तसं वाटतं.

दुपारी इंजिनाचं ऑइल बदललं. जुनं पाण्यात सोडलं. थोडंच होतं, आणि धरण केवढं मोठं आहे.

२३ जानेवारी

आजच्या मीटिंगला दादासोने घरून चहा आणला. कपबशीतून. कुंडलिक ताडकन उभा राहिला. म्हणाला, ह्यो प्रचार हाय, त्याला पेला पाजा. मी शांतपणे निर्णय दिला की कपबशी हे भांडं आहे. कुंडलिक म्हणाला, आस्सं? आणि नावेतून छत्री आणून डोक्यावर उघडून बसला. त्यावर मी निर्णय दिला की थंडीच्या दिवसांत छत्री म्हणजे प्रचार. ऊन होतं, पण तसं कडक नव्हतं.

कुंडलिकला पेला. अर्धा प्याला, अर्धा दादासोच्या पायावर थुंकला. तोंड वेडंवाकडं करत म्हणाला, बरं हाय तात्या, ध्यानात ठिवतो. मोकळ्या मनाचा माणूस आहे. राग धरत नाही.

नंतर दादासोच्या तोंडून मोहनरावांचं नाव निघालं. पण ते भाषण नव्हतं, नुसती जीभ घसरली. त्याला समज दिली.

यापुढे चहा स्टीलच्या पेल्यातून. पेले तेच ठेवलेत, दंडाचे. धुऊन घेतो.

३० जानेवारी

दोन्ही बाजूंना समान न्याय मिळावा म्हणून नियम आणखी बारीक केला.

कोणीतरी कारखाना म्हटलं की लगेच कोणाचा कारखाना, असा प्रश्न निघतो, म्हणून कारखाना बंद. कारखान्याच्या जागी लोक मळी म्हणायला लागले, म्हणून मळी बंद. पुण्याची गटारं म्हटलं की तिथं सत्ता कोणाची यावर घसरतात, म्हणून पुणे बंद, गटार बंद. मग कुंडलिक नुसतं पाणी हिरवं हाय एवढंच म्हणाला, तर दादासो म्हणाला, रंगावर जाऊ नगं हां, रंगात लई राजकारण हाय. मुद्दा बरोबर होता. रंग बंद.

त्यानंतर सगळे पाण्याकडे बघत बसले. एक मेलेली चिलापी पोट वर करून तरंगत आली आणि पायरीला थडथड लागत राहिली. तिच्यामागून दुसरी आली. 

इतकी चांगली मीटिंग या धक्क्यावर आजवर झालेली नाही.

६ फेब्रुवारी

नावेच्या वाटेवर मध्यावर एक जागा आहे, तिथं खाली आमचं जुनं देऊळ आहे. तिथं आलो की वडील नाव हळू करत, मीही करतो. म्हातारी माणसं हात जोडतात. आज नाव हळू केली तर सगळ्यांनी नाकाला पदर, उपरणं लावलेलं. एका हाताने नाक दाबलं की नमस्काराला हात कमी पडतो. एका म्हातारीने नुसती मान हलवली. म्हणाली, बाबा, हाण की लवकर, मळमळतंय.

मी नाव हाणली.

पिंडीवर शेवाळ धरतं आहे. बनाबाई नारळाच्या शेंडीने घासते आणि माझ्याकडे बघते. मी आता पाणी धोतराच्या चार घड्यांतून गाळतो, तुरटी फिरवतो आणि वर कापूर टाकतो. बनाबाई म्हणाली, अभिषेक करताय का लोणचं घालताय? तरी नियमाप्रमाणे ते भीमेचंच पाणी आहे.

१२ फेब्रुवारी

बारामतीला जाऊन आलो. प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी स्वतः येऊन सॅम्पल न्यावं असा अर्ज दिला. काम एका फेरीत झालं. वीस तारखेला साहेब धक्क्यावर येणार.

मोहनराव तिथं योगायोगाने भेटले. येताना त्यांच्या जीपमधून आलो. एसटीला गर्दी होती. बहुतेक असावी, मी स्टँडवर गेलो नाही. वाटेत मोहनराव म्हणाले, सोनबा, साहेबांना मीच घेऊन येतो, तुमी काय काळजी करू नगा. यात राजकारण काही नाही. जीप ही जीप आहे.

घरी आल्यावर पिंडीला सांगितलं, महादेवा, एवढे दिवस सोसलंस, अजून थोडं सोस. शिवरात्रीला तुला चांगलं पाणी घालतो.

१९ फेब्रुवारी

उद्याची तयारी झाली. सगळ्यांना बजावलं की साहेबांसमोर राजकारणाचा एक शब्द निघता कामा नये. एक निघाला तर साहेब म्हणतील, ह्यांचं आपसातलं भांडण आहे, आणि सॅम्पल न घेता जातील. कुंडलिक म्हणाला, तात्या, आमी तोंड उघडलं तर पेला, तुमी उघडलं तर? मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. त्याने ते बाकीच्यांना दोनदा ऐकवलं.

२० फेब्रुवारी

साहेब सकाळी यायचे ते दुपार झाली तरी आले नाहीत. माणसं उन्हात बसून कंटाळली. वारा काठाकडे फिरला होता, वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं. लोक उठून जायला लागले म्हणून धीर द्यायला मी म्हणालो, थांबा थोडं, आपल्या मोहनरावांची जीप आहे, येणारच.

कुंडलिक म्हणाला, आपल्या?

मी म्हणालो, आपल्या म्हणजे तालुक्याच्या. कुंडलिक म्हणाला, तालुक्याच्या न्हाय, कपबशीच्या. पेला आणा. मी दादासोकडे बघितलं. दादासो म्हणाला, आता तात्या, नियम तुमीच केलाय, आमी काय बोलणार? कपबशी आणि छत्री एका बाजूला बसलेली मी पहिल्यांदा बघितली. म्हणजे माझ्या कामाला फळ आलं म्हणायचं.

कुंडलिकने स्वतः पायरीवर उतरून पेला बुडवला. जिथं फेस जाड होता तिथं. मी डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि तोंडाला लावला. कोमट. चिकट. घशाशी काहीतरी अडकलं, ते जलपर्णीचं मूळ असावं असं मी धरून चाललो आहे. सगळे ओरडत होते, सगळा, सगळा, तळाला ठिवू नगा. मी तळ दाखवला आणि डोळे उघडले तर समोर जीप उभी, साहेब उतरलेले, आणि माझ्याकडे बघत होते.

साहेबांनी विचारलं, तुम्ही हे पाणी पिता? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेव्हा मला ते उघडं ठेवण्यात धोका होता. म्हणून मिटलं. दादासो म्हणाला, नियम हाय साहेब आमचा. साहेब म्हणाले, रोज पिता? कुंडलिक म्हणाला, मीटिंग असली की. साहेबांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, घाण येते कुठून? कोणी बोलेना. कारखाना म्हणावं तर बंद. मळी बंद. पुणे बंद. गटार बंद. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पोट धरून उभा. साहेब म्हणाले, काय रंग दिसतो पाण्याचा तुम्हाला? रंगही बंद. एकाने हळूच वर आभाळाकडे बोट केलं, ते कशासाठी हे त्याचं त्यालाच माहीत.

साहेब पायरीपर्यंत गेले. माझ्या नावेपाशी पाण्यावर तेलाचा पट्टा चमकत होता. हे काय, म्हणाले. आता यावर मात्र सगळ्यांना बोलता आलं. तेल राजकारणात बसत नव्हतं. दहा तोंडं एकदम म्हणाली, तात्याच्या इंजिनाचं ऑइल हाय.

साहेबांनी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं: पाणी स्थानिक लोकांच्या पिण्यात आहे. विशेष तक्रार नाही. प्रदूषणाचं कारण, नावांच्या इंजिनाचं तेल. नाववाल्यांना समज दिली. मग मला समज दिली. सॅम्पलच्या बाटल्या जीपमध्येच राहिल्या. मोहनरावांच्या ड्रायव्हरला पुढे प्रचाराला जायचं होतं.

एवढं मात्र खरं की साहेबांसमोर राजकारणाचा एक शब्द निघाला नाही. तो हेतू साध्य झाला. बाकीचं उद्या लिहितो, आत्ता उठायला लागतं आहे.

२२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. दिवसभर उठाबस.

बनाबाईने भात-ताक दिलं. म्हणाली, द्येव रोज तेच पितोय, त्यानं कधी कुरकुर केली का? मी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस पिंडीला पाणी गेलं नाही. नेम मोडला असं म्हणता येणार नाही. आजारपण नियमात बसत नाही.

१ मार्च

अंगात ताकद नाही. कपबशीची माणसं येऊन म्हणाली, तात्या, तुमच्यामुळं छत्रीला मुद्दा मिळाला, मोहनरावांच्या जीपमधनं साहेब रिकाम्या बाटल्या घिऊन गेला म्हणून बोंबलत्यात. छत्रीची येऊन म्हणाली, तुमच्यामुळं कपबशीची अब्रू वाचली, कारखान्याचं नावच निघालं न्हाय. दोघांचंही बरोबर असेल तर आपण काय केलं, याचा पडून विचार केला. उत्तर आलं ते लिहावंसं वाटत नाही.

कपबशीचं कॅलेंडर बनाबाईने काढून चुलीत घातलं. तिथी आता तिलाच विचारतो.

५ मार्च

आज हळूहळू धक्क्यापर्यंत गेलो. पाणी आणखी उतरलंय. काठाला हिरवा राप बसलाय, त्यावर माशा. एक कुत्रं आलं, हुंगलं, मागे फिरलं. माझा तांब्या हातात होता. कुत्र्याने मला बघितलं, मी कुत्र्याला बघितलं.

ऑइल बदलायला आलंय. डबा शोधायला हवा.

शिवरात्रीला दोन दिवस आहेत. काहीतरी होईल असं अजून वाटतं. वाटतं म्हणजे, वाटायचं.

७ मार्च, महाशिवरात्र

पहाटे आंघोळ केली. तांब्या चिंचेने घासला. धक्क्यावर उतरलो, तांब्या बुडवला, नाकाशी आणला, पालथा केला.

दुसऱ्यांदा भरला नाही. वर चढून हापशाकडे गेलो.

मनाची तयारी केली होती की लोक बघतील, चेअरमन हापशावर आला म्हणतील. पण हापशावर रांग होती. अख्खा गाव तांबे घेऊन उभा होता. दादासो होता, मासे धरणारे होते, त्यांच्या बायका होत्या. पुढं एक म्हातारी होती, तिला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, आमी तर गेल्या साली बी हितनंच नेलं, लेकरा. तूच तेवढा खाली जातुयास.

मी रांगेत शेवटी उभा राहिलो. पाण्यावर कोणी बोललं नाही, इलेक्शनवरही नाही. त्यासाठी नियम लागला नाही.

माझा नंबर आला तेव्हा कुंडलिक दांड्यावर होता. त्याने माझ्या हातातला कलंडलेला तांब्या बघितला. म्हणाला, तांब्या नीट धरा तात्या, मी हापसतो.

पिंडीवर धार धरली. पाण्याला कसलाच रंग नव्हता. वडिलांची आठवण आली, तरी धार मोडली नाही.

आज महादेवाला हापशाचं पाणी घातलं.