सगळे मजेत, शेजारचे सोडून

ता. ४ सप्टेंबर १९५३, शुक्रवार

बढती! म्हणजे पगार चपराशाचाच, पण काम कागदाचं. लोकांच्या तब्येतीची पाहणी करणारे दोन बाबू स्वतःच आजारी पडले. चिंतामणराव साहेबांनी बोलावलं. "मालोजी, वाचता येतं ना?" म्हटलं, येतं. चौथी पास आहे. "सायकल?" म्हटलं, ती तर झोपेत येते. साहेब म्हणाले, "जागेपणी चालव."

काम असं — मध्य भारत सरकारला जाणून घ्यायचंय की मिलमधले मजूर कसे राहतात, काय खातात, कोण आजारी, दवा कुठून आणतात. दोन वस्त्या आहेत. एक भट्टीकडची, एक आमची मिलची लाइन, मजुरांच्या खोल्यांची रांग — मी राहतो तीच. दवाखाना एकच मंजूर आहे. जिथे आजार जास्त, तिथे तो. दसऱ्याच्या आत उरकायचं, कारण मग आमचं ऑफिस बिऱ्हाड उचलून ग्वाल्हेरला. सहा महिने तिथे, सहा महिने इथे, फायली पेट्यांत! मेमध्ये मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून असाच आलो, ट्रकमध्ये कपाटांवर बसून.

परत जायचं मन नाही. इंदूर डोक्यात चढलंय.

ता. ५

बायकांना विचारायला सोबत लीलाबाई आहेत. मिडवाइफ. आमच्याच लायनीत, नळाच्या पलीकडे राहतात. बाई म्हणायचं, पण वय माझ्याएवढंच.

आईला कार्ड टाकलं. मजेत आहे, काळजी नको.

ता. ९

कमाल केली आज! छापील सवाल असा — "परिवार में कोई सदस्य रुग्ण है?" लोक तोंडाकडे बघत राहतात. मी कागद गुंडाळला, सायकलवरूनच हाक — "क्यों भिया, सब मजे में?" आतून आवाज — "सब मजे में!" मांडली फुली, पुढचं दार. संध्याकाळपर्यंत माझ्या बाजूची अख्खी लाइन साफ. लीलाबाई तिसऱ्याच घरात बसलेल्या. म्हणाल्या, "मालोजीराव, पाहणी करताय की घोड्यांची शर्यत?"

पोहे-जलेबी खाल्ली. घसा जरा धरलाय. मिलचा कापूस उडतो सगळीकडे. गूळ खाल्ला की बस.

ता. १२

साहेबांनी माझे कागद बघितले आणि हसले. "मालोजी, तुझी लाइन म्हणजे स्वर्ग आहे. इतके निरोगी लोक अख्ख्या मध्य भारतात नसतील." मी असा फुललो! मग ते म्हणाले, "चला, सुटला प्रश्न. दवाखाना भट्टीकडे."

परतताना लीलाबाई पुढे चालत होत्या. तुकोगंजच्या कोपऱ्यावर थांबल्या. "तुमच्या शेजारच्या आनंदीबाईंची सून कशी गेली, ठाऊक आहे?" नव्हतं ठाऊक. बाळंतपणात अडली, मोठ्या इस्पितळाकडे नेताना टांग्यातच गेली. "आणि तुम्ही रस्त्यातून ओरडून विचारता, मजेत ना. रस्त्यात कोण सांगेल? खोकला आहे म्हटलं की मिलच्या गेटवरून घरी पाठवतात."



ता. १४

साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो, हात मागे बांधून. म्हटलं, चुकलं, परत विचारतो. "दसऱ्यापर्यंत. एक दिवस जास्त नाही." आणि वरून, "या वेळी उतर सायकलवरून."

ता. १६

उतरलो. चपला काढल्या, घरात बसलो, पाणी मागून प्यायलो. तरी तेच! भेरूलालच्या घरी आत कुणी धाप लागून खोकतंय, आणि भेरूलाल म्हणतो, "बीमार? म्हारे यां? कोई नी." म्हटलं, मग हे कोण? "वा तो हवा है."

उठलो. दारापर्यंत पोचवायला आला आणि कानाशी लागला — "पण भिया, बाजूवालों का छोरा... खून थूके है. म्हारो नाम मत लीजो."

बाजूला गेलो. "हमारे यहाँ सब ठीक. आप भेरूलाल के बाप को देखो, दमे से बैठा नहीं जाता."

अरे! नळावरून लीलाबाईंना हाक मारली, हंडा खाली ठेवून आल्या. ऐकून इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबला. आपल्या घरी सगळे मजेत, आजारी फक्त शेजारचे! मग शेजारचंच विचारायचं. लीलाबाईंची एकच अट — नाव कुठेही लिहायचं नाही. "नाव मिलवाल्यांच्या हाती पडलं तर आपणच त्यांची नोकरी खाल्ली."

ता. १९

धडाक्यात चाललंय! जो तो खाट पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि सुरू. ताप, दमा, पोरांची खरूज. ज्याचं सांगतात त्याच्याच घरी संध्याकाळी भाजी पोचवतात, हेही पाहिलं. एकाचं दुसऱ्या बाजूच्या घराला विचारून ताडून घेतो — ही अक्कल लीलाबाईंची.

आनंदीबाईंनी चहा केला, चार घरांचं सांगितलं. त्यांची आणि माझी भिंत एक. उठताना म्हणाल्या, "अजून एक आहे. पण ते तुला नाही सांगायचं." म्हटलं, सांगा ना. "जा बाबा, गूळ खा." म्हाताऱ्या माणसांचे नखरे!

ता. २३

काल अनंत चतुर्दशी. मिलांच्या झांक्या, दिव्यांनी सजवलेले गाडे! लीला — इथे कागदावर नुसतं लीला — माझ्या शेजारी उभी होती. गर्दीनं ढकललं की हात लागत होता. कचोरी घेतली, अर्धी अर्धी. मी बडबडत होतो, मधेच ठसका लागला, थांबेचना. तिनं पाणी आणलं. "कधीपासून?" म्हटलं, धूळ आहे, एवढी गर्दी. बघत राहिली माझ्याकडे. बघू दे! मी पण बघितलं.

ता. ३०

काही नाही. अंगात कणकण. झोपलो.

ता. ८ ऑक्टोबर

मिळाला! दवाखाना आमच्या लायनीला! साहेबांनी दोन्ही वस्त्या शेजारी शेजारी मांडून बघितल्या, भट्टीकडेही आमच्याच रीतीनं विचारून घेतलं होतं. म्हणाले, "स्वर्ग नाही रे बाबा ही." मग चष्मा काढून — "लीलाबाई दवाखान्यावर. आणि कामाला एक माणूस इथे ठेवायचाय. तू ग्वाल्हेरला पाहिजेस का?" म्हटलं, साहेब, कपाटं माझ्याशिवाय जातील!

सायकल हात सोडून चालवली राजवाड्यापर्यंत. आईला दुसरं कार्ड. मजेत आहे, इथेच राहतो.

ता. १०, शनिवार

साहेब म्हणाले, लायनीतली एक खोली पाहणीतून सुटली आहे. माझीच! विचारणाऱ्याला कोण विचारणार?

लीला पेन घेऊन दारात उभी राहिली. "मालोजीराव, घरात कोणी आजारी?"

हसून म्हटलं, सब मजे में.

ती हसली नाही. वळली, आणि आनंदीबाईंची कडी वाजवली.