कॉम्प्युटर हलका केला

रायभान,

सकाळपासून कॉम्प्युटर ‘मेमरी कमी आहे’ म्हणून इंग्रजीत रडून राह्यला होता. म्हटलं, थोडा बोजा उतरवावा. चाळून पाह्यलं, तर वाचायला सगळ्यात जड तुझी कादंबरी निघाली. दुसऱ्याच प्रकरणात तू बाप मारलास, अन् तिथून पुढं सगळं घर सुखात नांदायला लागलं. मी फक्त कादंबरी पुसली. ती कचरापेटीत जाऊन बसली. घरात कचरा रातभर ठेवायचा न्हाई ही तुझ्या आईची शिस्त, म्हणून पेटीही रिकामी केली.

तरी मशीन हलेना. मंग तू उघडे टाकलेले पत्त्यांचे खेळ अन् गाणी बंद केली, तर बिलकुल बराबर पळायला लागलं. म्हणजे कादंबरीचा काहीच दोष नव्हता. ती बिचारी फुकट गेली.

दुसरी प्रत न्हाई असं तूच म्हणाल्तास. प्रकाशक परवा येईल, त्याला चहा दे. मी टेंभुर्णीला कडूबाकाकाकडं चाललो. भाजी झाकून ठेवलीय.

नव्यानं लिहायला बसशील तेव्हा बापाला शेवटपर्यंत जगव.

तुझा,
दुसऱ्या प्रकरणात वारलेला
बाप