छापील उत्तर

तलमडुगु,
५ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पिता,
जय भीम.

घरी सगळं बरं आहे. कापूस वेचायला बायका मिळत नाहीत, म्हणून तुझी आई स्वतःच वावरात उतरते आणि संध्याकाळी ओरखडलेली बोटं दाखवत मला शिव्या घालते. नार्नूरच्या विहारातून भाषणाचं बोलावणं होतं. घसा बसलाय, असं कळवलं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या कॉलेजातल्या जीवनच्या हाती देतोय.

आधी एक सांगतो, तुझंच खरं आहे. मी संगणकाच्या सी भाषेचं पुस्तक मागवून वाचलं. काम संपल्यावर प्रोग्रामच्या मुख्य भागाने, म्हणजे मेन फंक्शनने, यंत्राला एक आकडा परत द्यायचा, म्हणून त्याच्यापुढे ‘इंट’ लिहायचं, हा त्या भाषेचा ठरलेला नियम आहे. कॉलेजच्या छापील पुस्तिकेत ‘व्हॉइड’ आहे, म्हणजे काहीच परत द्यायचं नाही. ते चूक आहे. तू परीक्षकासमोर ‘इंट’ खोडलं नाहीस आणि प्रॅक्टिकलला दोनदा नापास झालीस.

काल कॉलेजात जाऊन तुमच्या विभागप्रमुखांना, मारोतराव सरांना भेटलो. खूप बोललो. नियम, पुस्तकं, न्याय, सगळं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “गुरुजी, भाषण झकास झालं. पोरीचं खरंच हाय. पण परीक्षक छापील उत्तर पाहून मार्क देते.” येत्या सोमवारी पुन्हा प्रॅक्टिकल आहे, आणि परीक्षक तोच आहे. या वेळी राहिलीस तर हैदराबादची एमसीएची जागा गेली.

तुझी आई काही विचारत नाही. तुझी हैदराबादची बॅग उन्हात ठेवते, पुन्हा आत नेते.

मागच्या रविवारी घरी आली होतीस तेव्हा तू म्हणालीस, “बाबा, तुमी काऊन गप झाले? बोला ना काई.” मी उठून अंगणात गेलो. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस.

घसा ठणठणीत आहे, अर्पिता. छापलंय म्हणून मान्य करू नका, हे मी गावोगाव ओरडून सांगितलं. टाळ्या पुष्कळांनी वाजवल्या. तसं वागलीस तू एकटी. आणि आज मी तुलाच सांगतोय, सोमवारी व्हॉइड लिही.

मला हे पटलेलं नाही. तूही पटवून घेऊ नकोस. फक्त लिही आणि हैदराबादला जा.

प्रॅक्टिकल झाल्यावर आईला फोन कर. मला केला नाहीस तरी चालेल.

यापुढे फक्त तुझा बाप,
खुशाल